परमिशन डिनाइड आलं म्हणून ७७७ नको: लॉगच्या फायलींची पहिली ओळख

लिनक्सचा सर्व्हर नव्यानं हातात आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हा अनुभव येतो. काहीतरी अडतं, वरिष्ठ म्हणतात "आधी लॉग बघ", आपण लॉग, म्हणजे मशीननं लिहून ठेवलेल्या नोंदींची फाइल, उघडायला जातो आणि मशीन 'परमिशन डिनाइड' म्हणून मोकळं होतं. शोधाशोध केली की कुठेतरी सीएचमॉड ७७७, म्हणजे फाइल सगळ्यांना वाचायला-लिहायला-चालवायला मोकळी करणाऱ्या कमांडचा, उतारा सापडतो. तो लागू पडतो, हीच खरी पंचाईत.

त्या उताऱ्याऐवजी काय करायचं, ते इथे सांगतो. गोव्यात फोंडा, डिचोली, म्हापसा भागातल्या छोट्या कचेऱ्यांत, पतसंस्थांत, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत एखादा उबंटू किंवा डेबियनचा सर्व्हर कोपऱ्यात घुमत असतो आणि तो सांभाळायला फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकताच पास होऊन आलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असते. लेख त्यांच्यासाठी आहे. कमांड आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थात रोमन अक्षरंच द्यायची.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की असू द्या. लॉगची फाइल कायमची नसते. ती ठरावीक काळानं बाजूला सारली जाते आणि तिच्या जागी त्याच नावाची नवी कोरी फाइल येते. त्यामुळे समोरच्या फाइलची परमिशन बदलून भागत नाही. ती फाइल कोण बनवतं आणि कोणत्या नियमानं बनवतं, तिथे हात घालावा लागतो.

आधी नुसतं पाहा

सुडो (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकारानं कमांड चालवायचा शब्द) न लावता एवढंच चालवा:

एलएस -एल /व्हार/लॉग

उबंटूवर सिसलॉग या फाइलची ओळ अशी काहीशी दिसेल:

-आरडब्ल्यू-आर----- १ सिसलॉग एडीएम ४८२११३ सिसलॉग

सुरुवातीच्या दहा जागा वाचायला शिका. पहिली जागा प्रकाराची: आडवी रेघ म्हणजे साधी फाइल, डी म्हणजे डिरेक्टरी. पुढे तीन-तीन जागांचे तीन संच, पहिला मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. आर म्हणजे वाचणं, त्याचे ४. डब्ल्यू म्हणजे लिहिणं, त्याचे २. एक्स म्हणजे चालवणं, त्याचा १. प्रत्येक संचाची बेरीज केली की वरच्या ओळीचे ६४० होतात. मालक वाचू-लिहू शकतो, ग्रुप फक्त वाचू शकतो, बाकीच्यांना काहीच नाही.

मालकाच्या जागी 'सिसलॉग' हा युजर आहे, कारण उबंटूत लॉग लिहिणारा आर-सिसलॉग हा प्रोग्राम रूटचे अधिकार सोडून त्या युजरच्या नावानं चालतो. डेबियनवर तीच फाइल रूटच्या मालकीची असते. ग्रुप मात्र दोन्हीकडे 'एडीएम'. आपल्या कामाचं नाव हेच आहे, त्याच्याकडे लगेच येऊ.

रेड हॅटच्या घराण्यातला सर्व्हर असेल तर सिसलॉगऐवजी 'मेसेजेस' आणि 'सिक्युअर' या फायली दिसतील, दोन्ही ६०० आणि दोन्ही रूटच्या. तिथे ग्रुपलाही काही नाही.

बाकीच्यांना शून्य कशासाठी

"लॉगमध्ये असं काय सोनं आहे?" हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. ऑथ-डॉट-लॉग उघडून बघा, मग कळेल. कोण कुठल्या आयपीवरून किती वाजता आलं, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणी सुडो लावून काय चालवलं, सगळं तिथे असतं. सुडो तर पूर्ण कमांड लिहून ठेवतं, मागच्या पर्यायांसकट. घाईत कोणी डेटाबेसचा पासवर्ड त्याच ओळीत टाइप केला, तर तो अक्षरशः तसाच लॉगमध्ये उतरतो.

दुसरा प्रकार याहून वाईट. लॉगिनच्या स्क्रीनवर युजरच्या नावाच्या जागी पासवर्ड टाइप करून एंटर मारणारे लोक प्रत्येक कचेरीत असतात. मशीन प्रामाणिकपणे नोंद करतं: अमुक नावाच्या अवैध युजरनं प्रयत्न केला. ते 'नाव' म्हणजे त्या माणसाचा पासवर्ड. पुढच्याच ओळीत तोच माणूस खऱ्या नावानं आत आलेला दिसतो. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की झालं काम. फसलेल्या लॉगिनसाठी बी-टेम्प नावाची वेगळी फाइल असते, तिच्यातही हेच जमा होतं, म्हणूनच ती बाकीच्यांना बंद असते.

"आमच्या सर्व्हरवर बाहेरचं कोण येणार?" असं म्हणणाऱ्यांनी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हा युजर आठवावा. वेबसाइट त्याच्या नावानं चालते. उद्या वर्डप्रेसच्या एखाद्या जुन्या प्लगिनमधून कोणी आत शिरलं, तर ते त्याच युजरच्या नावानं शिरतं. ऑथ-डॉट-लॉग ६४० असेल तर ती फाइल त्या चोराला बंद. ६४४ असेल तर सगळा इतिहास त्याच्या हातात. आणि म्हणूनच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला कधीही, कोणत्याही कारणासाठी एडीएम ग्रुपमध्ये टाकू नका. वेबपेजवर लॉग दाखवायचा असेल तर दुसरा रस्ता काढा.

फाइल नव्हे, स्वतःला बदला

आता मूळ अडचण. लॉग वाचायचा आहे आणि वाचता येत नाही. आयडी ही कमांड चालवा, तुम्ही कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहात ते कळेल. उबंटू बसवताना जो पहिला युजर बनतो तो एडीएममध्ये असतोच. नंतर बनवलेले युजर नसतात. म्हणून साहेबांच्या लॉगिननं लॉग दिसतो आणि तुमच्या लॉगिननं दिसत नाही. ज्याच्याकडे सुडो आहे त्यानं हे करायचं:

सुडो युजरमॉड -एजी एडीएम तुमचंनाव

यातला ए लहान आणि जी मोठा. त्या लहान ए ला जपा. तो विसरलात तर मशीन 'या ग्रुपमध्ये घाल' असं न समजता 'फक्त याच ग्रुपमध्ये ठेव' असं समजतं. माणूस बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर पडतो, सुडोमधूनही. सर्व्हरवर सुडो असलेला तो एकटाच असेल, तर पुढची दुपार रिकव्हरी मोडमध्ये जाते.

कमांड यशस्वी झाली तरी लगेच फरक दिसत नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी ठरते. उघडं असलेलं सेशन जुनीच यादी धरून बसतं, टीमक्समध्ये (बाहेर पडलं तरी सेशन जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालू असलेलं तर दिवसेंदिवस. पूर्ण बाहेर पडून परत या, आयडी चालवा, एडीएम दिसलं की टेल लावून सिसलॉग वाचा. बहुतेकांचं काम इथेच संपतं. फाइलला हात लागला नाही, इतर कोणाला काही उघडं झालं नाही.

सुडोवाल्यांसाठी एक इशारा. प्रशिक्षणार्थ्याला "फक्त लॉग वाचू दे" म्हणून सुडोच्या नियमांत 'लेस /व्हार/लॉग/तारा' अशी ओळ लिहिलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. ती सुरक्षित दिसते, पण लेस या फाइल वाचायच्या प्रोग्रामच्या आतून उद्गारचिन्ह देऊन शेल, म्हणजे कमांड देण्याची जागा, उघडता येतं, आणि सुडोनं उघडलेल्या लेसमधलं शेल रूटचं असतं. शिवाय त्या ताऱ्याच्या जागी दोन टिंबं देऊन वरच्या डिरेक्टरीत जाता येतं, म्हणजे सर्व्हरवरची कुठलीही फाइल. वाचण्यापुरतं काम असेल तर एडीएम ग्रुप यापेक्षा शतपटीनं बरा.

फाइलच नाही असं झालं तर

डेबियन १२ वर गेलात आणि सिसलॉग नावाची फाइलच सापडली नाही, तर घाबरू नका. त्या आवृत्तीपासून आर-सिसलॉग आपोआप बसत नाही. सगळं सिस्टमडीच्या (मशीनवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) जर्नलमध्ये जातं आणि जर्नल-सीटीएल या कमांडनं वाचायचं असतं. पटकन आटोपतो: एडीएम किंवा सिस्टमडी-जर्नल यांपैकी एका ग्रुपमध्ये असलात की सगळं दिसतं. नसलात तर फक्त स्वतःच्या नोंदी दिसतात आणि वर एक सूचना येते की या ग्रुपमधल्यांना सगळं दिसेल. ती सूचना न वाचता "लॉगमध्ये काहीच नाही" असा निष्कर्ष काढू नका.

/व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी बघितलीत तर ग्रुपच्या संचात एक्सच्या जागी एस दिसेल. त्या एसचा अर्थ, आत बनणारी प्रत्येक नवी फाइल बनवणाऱ्याच्या ग्रुपऐवजी डिरेक्टरीचा ग्रुप घेते. ओळीतल्या परमिशनच्या शेवटी अधिकचं चिन्ह असेल तर तिथे एसीएल, म्हणजे ठरावीक युजर-ग्रुपला दिलेली जादा परवानगी आहे. ती गेट-एफएसीएलनं वाचायची.

गोव्यात एक गोष्ट मुद्दाम तपासावी. ही जर्नलची डिरेक्टरी अस्तित्वातच नसेल, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नल /रन च्या आत, म्हणजे मेमरीत राहतं आणि मशीन बंद पडलं की पुसलं जातं. जून-जुलैत वीज जाते, यूपीएस थकतो, सर्व्हर पडतो, आणि पडण्याआधी काय झालं ते सांगणारं काहीच उरत नाही. डिरेक्टरी हातानं बनवलीत तर तिची परमिशन अंदाजानं ठेवू नका. सिस्टमडी-टेम्पफाइल्स या कमांडला क्रिएट आणि प्रिफिक्स हे पर्याय देऊन ती डिरेक्टरी दाखवा, ती नेमकी मालकी आणि एस लावून देते. मग जर्नलची सेवा रिस्टार्ट करा.

डिरेक्टरीचे नियम वेगळे

इथे थोडं थांबून नीट समजून घ्या, कारण परमिशनचे निम्मे घोटाळे इथलेच असतात. डिरेक्टरी हा हजेरीपट समजा. आर असेल तर नावांची यादी वाचता येते. एक्स असेल तर आत पाऊल टाकून नाव घेतलेल्या फाइलपर्यंत जाता येतं. आणि डब्ल्यू असेल तर पटावर नाव चढवता, खोडता, बदलता येतं. ज्याचं नाव खोडलं त्याला विचारावं लागत नाही.

म्हणजे असं: ऑथ-डॉट-लॉग ६४० आहे, तुम्हाला ती वाचताही येत नाही, पण /व्हार/लॉग वर तुम्हाला डब्ल्यू मिळालं असेल, तर ती फाइल तुम्ही खुशाल डिलीट करू शकता. तिच्या जागी आपली बनावट फाइल ठेवू शकता. फाइलची परमिशन कितीही कडक असली तरी ती काही करू शकत नाही. खरं वाटत नसेल तर घरच्या मशीनवर एक डिरेक्टरी बनवून, आत रूटच्या मालकीची फाइल ठेवून, साध्या युजरनं डिलीट करून बघा. फक्त /टेम्पमध्ये बघू नका. तिथे टी नावाचा वेगळा बिट असतो आणि तो दुसऱ्याची फाइल खोडू देत नाही.

उलट बाजूही आहे. फाइल ६४४ असून वाचता येत नसेल तर वरच्या एखाद्या डिरेक्टरीवर एक्स नाही. अपाची या वेबसर्व्हरची लॉग डिरेक्टरी डेबियन-उबंटूवर ७५० असते, त्यामुळे आतली फाइल कितीही मोकळी केली तरी बाहेरचा माणूस दारातच अडतो. कुठे अडतं ते शोधायला नेम-आय ही कमांड हाताशी ठेवा:

नेम-आय -एल /व्हार/लॉग/अपाची२/एरर.लॉग

ती मुळापासून शेवटच्या फाइलपर्यंत प्रत्येक पायरीची परमिशन आणि मालक एकाखाली एक मांडते. एलएसनं दहा वेळा धडपडण्यापेक्षा ही एकदा चालवावी.

७७७ केल्यानं नेमकं काय होतं

फोंड्यातल्या एका कचेरीत हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या लोकांनी, त्यांचा लॉग लिहिला जात नव्हता म्हणून, /व्हार/लॉगमधली आपली डिरेक्टरी आतल्या फायलींसकट ७७७ करून टाकली. सर्व्हर डेबियनचा होता. लॉग लिहिला जाऊ लागला, मंडळी बिल देऊन गेली.

लॉग-रोटेट हा प्रोग्राम रोज उठतो, जुने लॉग बाजूला सारतो, दाबून ठेवतो, फार जुने काढतो. तो रूटच्या अधिकारानं चालतो, म्हणून एक तपासणी करतो. डिरेक्टरीवर सगळ्या जगाला लिहिता येत असेल, किंवा रूट सोडून दुसऱ्या एखाद्या ग्रुपला लिहिता येत असेल, तर तो त्या डिरेक्टरीतल्या फायलींना हात लावत नाही. 'पॅरेंट डिरेक्टरी हॅज इनसिक्युअर परमिशन्स' असं लिहून पुढे जातो. ते त्यानं रोज लिहिलं, कोणी वाचलं नाही, फाइल फुगत गेली. चतुर्थीला कचेरी बंद करून सगळे आपापल्या गावी गेले आणि त्या सुट्टीत डिस्क भरली. डिस्क भरली की डेटाबेसला लिहिता येत नाही, म्हणून हिशोबाचं सॉफ्टवेअरही बंद.

उबंटूवर हेच केलं असतं तर कदाचित एवढंही कळलं नसतं. तिथे लॉग-रोटेटच्या मुख्य कॉन्फिगमध्ये 'सू रूट एडीएम' अशी ओळ आधीपासून असते. ती असली की वरची तपासणी होत नाही, रोटेशन सुरळीत चालतं आणि उघडं दार तसंच राहतं. माझ्या मते डेबियनचं अडून बसणं बरं.

अख्ख्या /व्हार/लॉगवर मोठा आर पर्याय (आतल्या सगळ्यासकट) लावून ७७७ केलं तर आणखी एक गंमत होते. फसलेल्या लॉगिनची बी-टेम्प फाइल बाकीच्यांना उघडी दिसली की एसएसएच सर्व्हर तिच्यात लिहायचंच बंद करतो आणि 'एक्सेस परमिशन ऑर बॅड ओनरशिप ऑन फाइल' (एक्सेस म्हणजे गरजेपेक्षा जास्त) अशी तक्रार नोंदवतो. म्हणजे सर्व्हरवर बाहेरून पासवर्डचा मारा होत असताना त्याची एक नोंद तुम्ही स्वतःच्या हातानं बंद केलेली असते.

बदल टिकतो की उडतो

समजा तुम्ही एखादा लॉग ६४४ केलात. पुढच्या रोटेशननंतर काय होईल? दोन्ही होऊ शकतं, आणि कोणतं होईल ते लॉग-रोटेटच्या कॉन्फिगमधल्या 'क्रिएट' या शब्दावर अवलंबून आहे. क्रिएटच्या पुढे काही नसेल तर नवी फाइल जुन्या फाइलची परमिशन आणि मालक जशीच्या तशी उचलते. तुमचा ६४४ वर्षानुवर्षं पुढे सरकत राहतो. उबंटूच्या सिसलॉगचं असंच असतं. क्रिएटच्या पुढे आकडा आणि नावं असतील, जसं एनजिनेक्स या वेबसर्व्हरच्या फाइलमध्ये 'क्रिएट ०६४० डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा एडीएम' असतं, तर तुमचा बदल एका रोटेशनपुरता, नंतर परत ६४०. सोमवारी चालणारी गोष्ट मंगळवारी आपोआप बंद पडली अशा तक्रारींचं मूळ पुष्कळदा हेच.

म्हणून बदल करायचाच असेल तर /ईटीसी/लॉग-रोटेट-डॉट-डी मध्ये त्या सेवेची फाइल उघडून क्रिएटची ओळ बदला. आर-सिसलॉग जी फाइल पहिल्यांदा बनवतो तिचा नियम त्याच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये 'फाइल-क्रिएट-मोड' या ओळीत असतो, तिथे ०६४० लिहिलेलं दिसेल. लॉग-रोटेटची कॉन्फिग फाइल रूटच्या मालकीची आणि ६४४ च राहू द्या. ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याजोगी झाली तर लॉग-रोटेट ती वाचायलाच नकार देतो. फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम वापरणाऱ्यांना हे सगळं एका न्यूसिसलॉग-डॉट-कॉन्फच्या तक्त्यात मिळतं, फाइलच्या नावाशेजारीच परमिशनचा आकडा. तेवढ्यापुरता त्यांचा हेवा वाटतो.

बदल केल्यावर लॉग-रोटेटला -डी पर्याय देऊन चालवा. तो प्रत्यक्ष काही न करता काय केलं असतं ते सांगतो.

स्वतःच्या ॲपचा लॉग

वरच्या हिशोबवाल्या मंडळींनी काय करायला हवं होतं? ॲपसाठी वेगळा युजर बनवायचा. त्याला 'हिशोब' म्हणू. सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये चार ओळी:

युजर=हिशोब
लॉग्स-डिरेक्टरी=हिशोब
लॉग्स-डिरेक्टरी-मोड=०७५०
यू-मास्क=००२७

सेवा सुरू होताना सिस्टमडी /व्हार/लॉगच्या आत 'हिशोब' डिरेक्टरी स्वतः बनवतं आणि त्या युजरच्या नावे करतं. यू-मास्कमुळे आत बनणारी कोणतीही फाइल बाकी जगाला बंद राहते. हातानं सीएचमॉड करायची गरजच उरत नाही, आणि सर्व्हर बदलला तरी नियम सर्व्हिस फाइलबरोबर जातो.

आता रोटेशन. लॉग-रोटेट-डॉट-डी मध्ये ॲपच्या नावाची फाइल, आत लॉगचा मार्ग आणि महिरपी कंसात हे: वीकली, रोटेट २६, कॉम्प्रेस, मिसिंग-ओके, नॉट-इफ-एम्प्टी, सू हिशोब हिशोब, क्रिएट ०६४० हिशोब हिशोब. नवी फाइल आली हे ॲपला कळवायला पोस्ट-रोटेटमध्ये रीलोडची कमांड. ॲपला रीलोड जमत नसेल तर रिस्टार्ट.

यातल्या 'सू' ला वगळू नका. डिरेक्टरी ॲपच्या मालकीची आहे, म्हणजे ॲपमध्ये शिरलेला माणूस लॉगच्या जागी दुसऱ्याच फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवू शकतो. मग रूट म्हणून आलेला प्रोग्राम त्या सिमलिंकच्या मागे जाऊन भलत्याच फाइलची मालकी बदलून बसतो. २०१६ मध्ये डेबियन-उबंटूच्या एनजिनेक्स पॅकेजमध्ये हीच फट सापडली होती: लॉगची डिरेक्टरी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीची होती आणि तिथून रूटपर्यंत पोहोचता येत होतं. नंतर ती डिरेक्टरी रूटच्या नावे केली गेली. 'सू' लिहिलं की लॉग-रोटेट त्या डिरेक्टरीत ॲपच्याच युजरच्या अधिकारानं काम करतो, रूटच्या नाही.

२६ चा आकडा का? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे सेवा पुरवणारे, कंपन्या, सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे जपून ठेवायचे आहेत. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. उबंटूच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये सिसलॉगचे चारच आठवडे राहतात, तेव्हा तुमच्या संस्थेला हे लागू होत असेल तर तिथला आकडाही वाढवा. आणि जे सहा महिने ठेवायचं, ते त्या काळात कोण वाचू शकतं याचाही विचार आलाच. दाबून ठेवलेल्या जीझेड फायली ६४० च आहेत ना, ते बघा.

सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला फक्त त्याच्या ॲपचा लॉग हवा असेल तर त्याला एडीएममध्ये घेऊ नका, 'हिशोब' ग्रुपमध्ये घ्या. त्याला त्याचं दिसेल, ऑथ-डॉट-लॉग दिसणार नाही.

७७७ आधीच झालं असेल तर

सगळ्यात आधी किती पसरलंय ते बघा:

सुडो फाइंड /व्हार/लॉग -पर्म -ओ=डब्ल्यू -एलएस

बाकी जगाला लिहिता येण्याजोगं जे जे आहे ते समोर येईल. सिमलिंक नेहमी ७७७ च दिसतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. मग सिस्टमडी-टेम्पफाइल्स क्रिएट पर्यायासह, /व्हार/लॉगचा प्रिफिक्स देऊन चालवा. /व्हार/लॉग स्वतः, डब्ल्यू-टेम्प, बी-टेम्प आणि जर्नल यांची परमिशन त्यानं जागेवर येते. उरलेल्यांसाठी अंदाज करू नका. त्याच आवृत्तीचं एक नवं व्हर्च्युअल मशीन उभं करा, दोन्हीकडे फाइंड लावून परमिशन, मालक, ग्रुप आणि नाव यांची यादी काढा आणि शेजारी ठेवून एकेक दुरुस्त करा. रेड हॅटकडे आरपीएमला सेट-पर्म्स पर्याय देऊन पॅकेजची मूळ परमिशन परत लावता येते, डेबियनकडे तशी सोय नाही.

'सगळ्यांना ६४० करून टाकू' हा शॉर्टकट नको. डिरेक्टरीला ६४० दिलंत तर एक्स गेलं आणि आत कोणालाच जाता येणार नाही. डब्ल्यू-टेम्पला तर ६६४ च लागतात, नाहीतर साध्या युजरनं लास्ट ही कमांड दिली की काही दिसत नाही.

डिस्क भरलेली असताना हे करत असाल तर आधी जागा करा, पण फुगलेला लॉग आरएम करून नव्हे. चालू प्रोग्रामनं फाइल उघडी धरलेली असते, नाव गेलं तरी जागा सुटत नाही. ट्रंकेट -एस ० वापरा. आणि 'सुडो एको' करून पुढे मोठ्यापेक्षाच्या चिन्हानं फाइलमध्ये लिहायला गेलात तर परमिशन डिनाइडच येईल. ते चिन्ह तुमचं शेल हाताळतं, सुडो नाही. तिथे टी (स्पेलिंग टी-ई-ई) कमांडला सुडो लावायचा.

आकडे बरोबर, तरीही नकार

नेम-आयनं सगळी वाट मोकळी दाखवली, ग्रुप बरोबर आहे, तरी प्रोग्रामला लिहिता येत नाही, असं झालं तर परमिशनच्या वर बसलेला दुसरा पहारेकरी बघा. रेड हॅटवर एसई-लिनक्स, उबंटूवर ॲप-आर्मर. डेटाबेसचा लॉग नेहमीच्या जागेवरून हलवून /डेटाच्या आत नेला की हमखास हे होतं. रेड हॅटवर एलएसला मोठा झेड देऊन लेबल बघा आणि नेहमीच्या जागेतली फाइल असेल तर रिस्टोअर-कॉन चालवा. उबंटूवर कर्नलच्या लॉगमध्ये ॲप-आर्मर आणि डिनाइड हे शब्द शोधा, कोणत्या प्रोग्रामला कोणत्या मार्गावर अडवलं ते नावासकट मिळेल. तो मार्ग त्या प्रोग्रामच्या ॲप-आर्मर प्रोफाइलमध्ये जोडायचा. सीएचमॉडनं यात काडीचाही फरक पडत नाही, कितीही सात लावा.

शेवटचं काम कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. गेट-एन्ट ग्रुप एडीएम असं चालवलं की त्या ग्रुपमधली नावं एका ओळीत मिळतात. प्रशिक्षण संपवून पुण्या-बेंगळुरूला गेलेली मुलं, करार संपलेला ठेकेदार, यांची नावं तिथे महिनोन्‌महिने पडून असतात. डेबियन-उबंटूवर डेल-युजरला आधी युजरचं नाव आणि मग एडीएम दिलं की माणूस ग्रुपमधून निघतो. त्याचं चालू सेशन मात्र जुन्याच यादीवर चालत राहतं, तेव्हा डब्ल्यू कमांडनं कोण आत आहे ते बघून ते सेशनही बंद करा.